देऊळ फिरले : औंढा नागनाथ आणि एका क्रियापदाची सात शतके

औंढा नागनाथच्या प्रांगणात पाऊल ठेवणारा भाविक सवयीने आधी नंदी शोधतो. शिवालय म्हटले की गाभाऱ्याच्या रेषेत, पिंडीकडे तोंड करून बसलेला नंदी हवाच. इथे तो समोर नाही. तो देवळाच्या मागच्या अंगाला आहे. कारण विचारले, तर गावातले लहान मूलही तीन शब्दांत उत्तर देते : ‘देऊळ फिरले म्हणून.’

हा थ्रेड त्या ‘फिरले’विषयी आहे.

प्रथम स्थळ. हिंगोली जिल्हा 1999 साली परभणीतून वेगळा झाला. औंढा त्यातले तालुक्याचे गाव. तटबंदीच्या आत देऊळ उभे आहे. खालचा भाग घडीव दगडाचा, यादवकाळातील, ज्याला मराठी माणूस सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतो तसा. बाह्य भिंतींवर शिल्पांचे थरावर थर. वरचा भाग मात्र उत्तरकालीन. जीर्णोद्धाराचे श्रेय परंपरा अहिल्याबाई होळकरांना देते. दगड संपून नंतरचे काम जिथे सुरू होते, तो सांधा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. अरुंद पायऱ्यांनी, जवळजवळ वाकून, खाली उतरावे लागते.

गावाचे जुने नाव आमर्दक. शैव सिद्धान्ताच्या इतिहासात ‘आमर्दक’ हे एका मोठ्या मठपरंपरेचे उगमस्थान मानले जाते आणि वा. वि. मिराशींसारख्या अभ्यासकांनी ते स्थान म्हणजेच औंढा, असे प्रतिपादन केले. म्हणजे नामदेव येथे येण्याच्या कित्येक पिढ्या आधीपासून हे गाव शैव विद्येचे पीठ होते. ‘नागेश ज्योतिर्लिंग’ या नावावर मात्र औंढ्याइतकाच हक्क गुजरातेत द्वारकेजवळचे नागेश्वर आणि उत्तराखंडातले जागेश्वरही सांगतात. एका अर्थाचे अनेक शब्द असतात, तसे इथे एका नावाचे तीन धनी आहेत. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही.

आता कथा. नामदेवांचा जन्म 1270 चा. जन्मस्थान नरसी की पंढरपूर हा वाद जुना आहे; नरसी याच हिंगोली जिल्ह्यात, औंढ्यापासून फारसे दूर नाही. दामाशेटी आणि गोणाई यांचा हा मुलगा, जातीने शिंपी. तो औंढ्याच्या देवळासमोर कीर्तनास उभा राहिला. पुजाऱ्यांना ते रुचले नाही. पूजेत व्यत्यय येतो, आणि शिवाय हा कोण? त्याला सांगण्यात आले : मागे जा. नामदेव मागे गेले आणि तिथे गाऊ लागले. तेव्हा देऊळच फिरले. द्वार नामदेवांकडे झाले, पाठ पुजाऱ्यांकडे. अठराव्या शतकात महिपतींनी ‘भक्तिविजया’त (1762) ही हकीकत औंढ्याची म्हणून रंगवून सांगितली आणि महाराष्ट्राच्या घराघरांत ती त्या ग्रंथातूनच पोहोचली.

पण ‘फिरले’ म्हणजे नेमके काय झाले?

मराठीतले हे क्रियापद इतके वापरून गुळगुळीत झाले आहे की त्याचा पसारा सहसा लक्षात येत नाही. चाक फिरते, वारा फिरतो, दवंडी फिरते. माणूस संध्याकाळी फिरायला जातो. डोके फिरते, मन फिरते, ग्रह फिरतात, दिवस फिरतात. दिलेला शब्द फिरवला जातो. पाहुणा वाटेतून माघारी फिरतो. सख्खा भाऊ पाठ फिरवतो. आई लेकराच्या पाठीवरून हात फिरवते आणि वर्षाच्या मेहनतीवर एका रात्रीत पाणी फिरते. सतराव्या शतकात आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुण्यावरून गाढवांचा नांगर ‘फिरवला’, तेव्हा त्या क्रियापदात एका वस्तीचा सर्वनाश मावला. याच कुळातून फेरा, फेरी, फेरीवाला, फेरविचार आणि तलाठ्याच्या दप्तरातला तो भयचकित करणारा शब्द ‘फेरफार’ निघाला. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. जमिनीचा धनी बदलला की तिथे नोंद होते. मराठवाड्यात किती घरांची भावकी या एका वहीवरून फिरली असेल, याचा हिशोब कोणत्याही कोशात नाही.

इंग्रजीत या शब्दाचा जोडीदार ‘टर्न’. त्याचे कूळ मोठे गमतीचे आहे. ग्रीक ‘तोर्नोस’ म्हणजे कातकाम करण्याचे यंत्र, चरक. त्यावरून लॅटिन ‘तोर्नारे’, म्हणजे चरकावर धरून गोल करणे. आणि तिथून तो शब्द इंग्रजीत आला. म्हणजे आज मोटारीला, नदीला, पानाला, दुधाला आणि नशिबाला लागू होणारा हा शब्द मुळात एका कारागिराच्या हाताखालचा. योगायोग असा की उत्तर चालुक्य आणि होयसळ काळातील देवळांचे गोलाकार, कंगोरेदार स्तंभ चरकावर फिरवूनच घडवले गेले, असे स्थापत्याचे अभ्यासक मानतात. दगड फिरवून देऊळ उभारण्याची विद्या दख्खनला नामदेवांच्या आधीच अवगत होती.

‘फिरणे’ची वंशावळ इतकी स्वच्छ नाही. प्राकृतात ‘फिरइ’ हे रूप मिळते, त्यामागचे संस्कृत मूळ मात्र अनुमानाने मांडावे लागते. भारतीय आर्यभाषांचा तौलनिक कोश रचणाऱ्या विद्वानाने तसे ते मांडलेही आहे. त्या विद्वानाचे आडनाव टर्नर होते, म्हणजे शब्दशः ‘कातारी’. असे योगायोग रचून सांगितले तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

‘फिरणे’ला शेजारीही पुष्कळ : वळणे, परतणे, उलटणे, पालटणे, मुरडणे, घुमणे, कलणे, गरगरणे. कोशात हे शब्द एकमेकांचे अर्थ सांगायला धावून येतात. 1831 साली मोल्सवर्थने कँडी बंधूंच्या साहाय्याने मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला आणि 1847 साली त्याचा व टॉमस कँडीचा इंग्रजी-मराठी कोश आला. असा दुहेरी कोश करताना कोशकाराला एक गोष्ट हटकून जाणवत असणार. एका इंग्रजी शब्दासमोर दहा मराठी शब्द लिहिता येतात, पण त्या दहांपैकी कोणतेही दोन एकमेकांच्या जागी बसत नाहीत. वाट वळते, ती उलटत नाही. गाडी उलटते, आणि तेव्हा ती वळण्याच्या पलीकडे गेलेली असते. ऋतू पालटतो. पाहुणा परततो. आणि देऊळ? देऊळ वळले नाही, उलटले नाही, पालटले नाही. मराठीने त्याच्यासाठी ‘फिरले’ हेच क्रियापद राखून ठेवले.

इतर भाषांनी काय केले, हे पाहिले की या निवडीचे महत्त्व कळते.

नामदेवांची हिंदी-पंजाबी पदे 1604 साली गुरू अर्जनदेवांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथात समाविष्ट झाली; आज गुरू ग्रंथ साहिबात त्यांची संख्या एकसष्ट मानली जाते. त्यांपैकी दोन पदांत हा प्रसंग आहे, एक भैरव रागातले आणि दुसरे मलार रागातले. भैरवातल्या पदात नामदेव हसतखेळत देवळात येतात, भक्तीत असतानाच त्यांना उठवले जाते, आणि ते देवाला विचारतात की मला या हीन जातीत जन्म का दिलास. मग आपली कांबळी उचलून ते देवळामागे जाऊन बसतात. पुढे ‘देहुरा’ भक्तांकडे फिरतो. क्रियापद अकर्मक आहे. देऊळ आपले आपण फिरते. मलारातले पद अधिक कठोर आहे. त्यात ‘शूद्र’ म्हणून झालेल्या मारहाणीचा उल्लेख आहे, आणि तिथे क्रियापद सकर्मक होते. देव देऊळ ‘फेरतो’, म्हणजे फिरवतो. नामदेवांकडे तोंड, पंडितांकडे पिछाडी.

एकाच संताच्या नावावरील दोन पदे, एकच घटना, पण व्याकरण निराळे. पहिल्यात कर्ता देऊळ, दुसऱ्यात देव. दुसऱ्या पदात तक्रार दाखल झाली आहे, न्यायाधीश आहे आणि निकालही आहे. पहिल्यात नुसते गाणे आहे आणि दगडाला आलेला पाझर. ज्याला मार बसला, त्याला सकर्मक क्रियापद लागते. हा भेद व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नसला, तरी त्या दोन पदांत तो स्पष्ट आहे.

आणखी एक बारीक फरक. पंजाबी पदांत नामदेव ‘छीपा’ आहेत, म्हणजे कापडावर ठसे उमटवणारे रंगारी. मराठीत ते शिंपी. दोन्ही धंदे कापडाचे, पण एक नव्हेत. संत प्रांत ओलांडून गेला तेव्हा त्याची जातही अशी भाषांतरित झाली. उतरंडीतली जागा मात्र तिथेही त्याच्या मागे गेली.

साधारण 1600 च्या सुमारास व्रजभाषेत ‘भक्तमाल’ रचणाऱ्या नाभादासांनी नामदेवांच्या चमत्कारांची यादी एका छप्पयात दिली. तिथे क्रियापद तिसरेच आहे : देवळाला त्यांनी ‘उलट’ हा धातू लावला. मराठी कानाला ते जरा दचकवते. मराठीत उलटलेले देऊळ म्हणजे कोसळलेले देऊळ. व्रजात तसे नाही. पण नाभादासांचा रोख पुजाऱ्यांच्या फजितीवर आहे, देऊळ उलटल्याचे पाहून श्रोत्रिय ओशाळतात, आणि त्या रोखाला ‘उलटणे’ शोभते.

या सर्व उल्लेखांत औंढा कुठे आहे? ग्रंथ साहिबातील पदांत गावाचे नाव नाही. पंजाबात वा व्रजात त्या देवळाच्या पत्त्याची कोणाला गरज पडली नाही. कथेला औंढ्याचा पत्ता मिळाला तो मराठी परंपरेत, आणि त्या पत्त्याचा साक्षीदार म्हणून मागे बसलेला नंदी दाखवला जातो. इतिहासाचा विद्यार्थी इथे थबकतो. नंदीच्या जागेवरून कथा जन्मली, की कथेमुळे नंदीच्या जागेला अर्थ आला? देवळाची झालेली मोडतोड, नंतरचा जीर्णोद्धार, बदललेल्या वाटा, या साऱ्यांतून नंदी मागे राहून जाणे अशक्य नाही. पण एवढे सांगून कथा निकालात निघाली असे मानणे हा उतावळेपणा होय. नंदी मागे असण्याची दहा कारणे संभवतात. लोकांनी त्यांतून हेच का निवडले, हा प्रश्न उरतोच.

औंढ्यालाच घडलेली दुसरी कथाही फिरण्याचीच आहे. गोरोबा कुंभारांनी थापटून ‘कच्चे मडके’ ठरवलेले नामदेव गुरूच्या शोधात या देवळात आले. पाहतात तो विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव संतापले. विसोबा म्हणाले, बाबा, म्हातारा आहे. जिथे पिंडी नसेल तिथे माझे पाय तूच उचलून ठेव. नामदेव पाय फिरवत गेले आणि ज्या दिशेला पाय ठेवावा तिथे पिंडी उमटत गेली. ‘खेचर’ या शब्दालाही दोन तोंडे आहेत. बाजारात तो ओझ्याचा प्राणी; योगमार्गी संस्कृतात आकाशात संचार करणारा सिद्ध. विसोबांनी दोन्ही अर्थ एका अंगावर वागवले.

हीच कथा पुढे आणखी दूर भेटते. गुरू नानकांच्या जन्मसाख्यांत नानक मक्केला काब्याकडे पाय करून निजतात. कोणी रागाने त्यांचे पाय फिरवतो, तर पायांबरोबर काबाही फिरतो. औंढ्याच्या दोन्ही कथा, पाय फिरण्याची आणि वास्तू फिरण्याची, तिथे एकीत मिसळल्यासारख्या दिसतात. कोणी कोणाकडून घेतली, याचा निवाडा करण्यापेक्षा नामदेवांची पदे शीख परंपरेत आधीपासून गायली जात होती, एवढे ध्यानात ठेवणे पुरे.

दक्षिणेत मात्र चित्र निराळे. तमिळनाडूतील तिरुप्पुंगूर येथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या नंदनारला बाहेरूनच दर्शन घ्यायचे होते. मध्ये नंदी आड येत होता. शिवाने नंदीला सरकायला सांगितले, आणि तिथला नंदी आजही रेषेपासून बाजूला आहे. बाराव्या शतकातील ‘पेरियपुराणम्’ नंदनारची कथा सांगते. उडुपीत सोळाव्या शतकातील कनकदासासाठी कृष्णाची मूर्ती पश्चिमेकडे फिरली आणि भिंतीतल्या झरोक्यातून त्याला दर्शन झाले. तो झरोका ‘कनकन किंडी’ म्हणून प्रसिद्ध आहे. तिरुप्पुंगूरला नंदी हलला, देऊळ जागेवर. उडुपीला मूर्ती हलली, भिंत जागेवर. औंढ्याला अख्खे देऊळ हलले आणि नंदी जागेवर. ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ ही मराठी म्हण. इथे देऊळ फिरले, पण नंदी फिरला नाही.

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे, आणि ती सुखाची नाही. भक्त आत गेलेला नाही. नंदनार बाहेरच, कनकदास भिंतीपलीकडेच, नामदेव मागेच. देव वळतो, दगड वळतो. ज्यांनी ‘मागे जा’ म्हटले, ते आपला नियम फिरवत नाहीत. चमत्कार नियमाला वळसा घालून जातो, तो मोडत नाही. भक्तिकथांचा गौरव करताना हे सहसा नजरेआड होते.

इंग्रजी ‘टर्न’चा एक अर्थ मराठीत ‘फिरणे’च्या वाट्याला आलेला नाही. तो म्हणजे पाळी. रांगेत आपली पाळी येते; पंढरपुरात तिला बारी म्हणतात, दर्शनबारी. शेतात वखराची पाळी घालतात. इंग्रजीत फिरणे आणि पाळी एकाच शब्दात राहतात. मराठीने त्यांना दोन घरे दिली. औंढ्याच्या कथेत ती दोन घरे क्षणभर एक होतात : ज्याची पाळी येणारच नव्हती, त्याच्यासाठी देऊळ फिरले.

पण सर्वांसाठी फिरले नाही. चोखामेळा हे नामदेवांचे समकालीन. मंगळवेढ्यात कूस कोसळून ते गेले. त्यांच्या अस्थी नामदेवांनी ओळखून पंढरपुरी आणल्या, असे परंपरा सांगते, आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली. नामदेवांची पायरीही तिथेच, द्वाराशी. ज्याच्यासाठी देऊळ फिरले तो आणि ज्याच्यासाठी फिरले नाही तो, असे दोघे एकाच उंबरठ्याबाहेर आहेत. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी 1 मे 1947 रोजी उपोषण आरंभले. ते दहा दिवस चालले आणि त्याच वर्षी दार उघडले. त्याआधी 1930 पासून नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह झाला होता. या दोन्ही लढ्यांच्या भाषेत ‘फिरणे’ नाही. तिथली क्रियापदे ‘उघडणे’ आणि ‘शिरणे’ ही आहेत. सहा शतकांत भाषेने केलेला हा बदल कोणत्याही कोशातील अर्थबदलापेक्षा मोठा आहे.

शिवालयातील प्रदक्षिणेचा एक नियम औंढ्याला विशेष जाणवतो. शिवाला पूर्ण फेरा घालत नाहीत. अभिषेकाचे पाणी जिथून बाहेर पडते ते सोमसूत्र ओलांडायचे नाही. तिथपर्यंत जाऊन माघारी फिरायचे, आणि उलट्या बाजूने पुन्हा तिथपर्यंत यायचे. त्यामुळे शास्त्राप्रमाणे चालणारा प्रत्येक भाविक देवळाची मागची बाजू एकदा नव्हे, दोनदा पाहतो. महाशिवरात्रीनंतर रथोत्सवात देवाचा रथ देवळाभोवती फिरतो, तोही त्याच वाटेने, नामदेवांना जिथे पाठवले त्या जागेवरून.

राहिला शेवटचा पेच, आणि तोही याच क्रियापदाचा. 1296 साली ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि पुढच्या दोन-अडीच दशकांत यादवांचे राज्य संपले. नामदेव उत्तरेस निघाले आणि पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातील घुमाणला राहिले. ‘घुमाण’ म्हणजे घुमणे, फिरणे, अशी व्युत्पत्ती सांगण्याचा मोह कोणालाही होईल. तो आवरावा, कारण घुमाण हे पंजाबातल्या एका जाट कुळाचेही नाव आहे. 2015 च्या एप्रिलमध्ये सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरले, तेव्हा शेकडो मराठी माणसे नामदेवांच्या मागोमाग पंजाबात गेली.

मराठी परंपरा म्हणते की नामदेव पुढे फिरले, म्हणजे परतले, आणि 1350 साली पंढरपुरी महाद्वाराच्या पायरीशी त्यांनी समाधी घेतली. पंजाबी परंपरा म्हणते की ते फिरलेच नाहीत. घुमाणलाच त्यांचा देह पडला आणि तिथे त्यांचे स्थान आहे. मराठीत ‘फिरणे’ म्हणजे परत येणे, आणि ‘फिरणे’ म्हणजे कुठेही न थांबता हिंडत राहणेही. पंढरपूर आणि घुमाण या दोन्ही ठिकाणी आजही माथा टेकला जातो.